डोक्यातली टकळी: रोजची काळजी सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं?

गुंता:

मोठं काही घडलेलं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे उगाच कुणी सांत्वनाला येणार नाही. घरचे धडधाकट आहेत, नोकरी शाबूत आहे, हप्ते वेळेवर जातात. तरी रात्री दिवा मालवला की डोक्यात टकळी सुरू होते. दुपारच्या मेलमध्ये जरा तुटक लिहिलं गेलं का? विम्याची तारीख टळली तर नाही ना? भाऊ फोनवर थकल्यासारखा का वाटला? एकाचं उत्तर सापडेपर्यंत दुसरं दारात हजर.

परवाचा नमुना सांगते. साहेबांचा रात्री मेसेज आला, ‘उद्या बोलायचं आहे.’ एवढंच, आणि पुढे पूर्णविराम. हा माणूस एरवी पूर्णविराम देत नाही! मी त्यांचे जुने मेसेज उकरून पाहिले, कुठेकुठे पूर्णविराम होता आणि त्यानंतर काय झालं होतं. झोप लागेपर्यंत माझी नोकरी गेली होती, हप्ता थकला होता आणि नातेवाइकांना काय सांगायचं त्याची वाक्यंसुद्धा जुळवून झाली होती. सकाळी कळलं, रजांचं वेळापत्रक लावायचं होतं.

हायसं वाटलं, पण दहाच मिनिटं. मग विम्याची तारीख आठवली.

‘सोडून दे’ असं सगळेच सांगतात. सोडायचं म्हणजे हातांनी नेमकं काय करायचं, हे कुणी सांगेल का? ‘ध्यान कर’ असं दोन शब्दांत लिहून पळणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

शंकासुर:

ध्यान करा.

(हलके घ्या. पूर्णविराम मुद्दाम दिलाय.)

निळी छत्री:

जुने मेसेज उकरणारी मी एकटीच आहे असं वाटत होतं. जिवात जीव आला. वाचतेय.

पाऊलवाट:

गुंता, ‘हातांनी काय करायचं’ हा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. नुसत्या मनाच्या जोरावर ढकलायला गेलं की काळजी दुप्पट जोमाने परतते, हे डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये दाखवून दिलंय. त्याने लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढची गंमत अशी की, नंतर ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर, आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. ज्यांनी पहिल्यापासून मोकळेपणाने विचार केला त्यांच्या डोक्यात कमी. म्हणजे ‘नको तो विचार’ असं स्वतःला दटावणं हेच त्या विचाराला खतपाणी.

मी काय करतो ते सांगतो. काळजीला वेळ ठरवून दिलीय. ही काही माझी अक्कल नव्हे, थॉमस बोरकोव्हेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा उपाय तपासला होता: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. एरवी काही डोक्यात आलं तर नोंद करून त्या वेळेवर ढकलायचं. जागा अंथरूण नसावी आणि वेळ झोपेच्या तोंडावरची नसावी. मी संध्याकाळी जिन्याजवळच्या खुर्चीत बसतो. घरच्यांना आता माहीत आहे, ते म्हणतात, ‘बाबांचं चाललंय.’

पण खरी मेख लिहिण्यात आहे. बहुतेक जण वहीत लिहितात ‘भावाची तब्येत’, ‘ऑफिस’, ‘विमा’. या काळज्या नव्हेत, ही नुसती शीर्षकं झाली. शीर्षकाला उत्तर नसतं, म्हणून ते रात्रभर फिरत राहतं. पूर्ण वाक्य लिहायचं, तेही प्रश्नार्थक. ‘विम्याची तारीख टळली असेल का?’ असं लिहिलं की पेन तिथेच थांबतं, कारण हे पॉलिसीचा कागद काढून बघायचं काम आहे, काळजीचा त्यात काही संबंधच नाही. ‘भाऊ थकलेला का वाटला?’ यालाही उत्तर आहे, ते त्याच्याकडे आहे, मग समोर लिहायचं ‘रविवारी फोन करून सरळ विचारणार’. आणि ‘साहेबांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे?’ असं वाक्य उतरलं, तर ते वाचल्यावरच कळतं की यावर आपल्या हातात काही नाही. त्याच्यासमोर मी काहीच लिहीत नाही. रेघही मारत नाही. रिकामी जागा तशीच राहू देतो.

२०११ मध्ये मासिकांपो आणि बाउमायस्टर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आपण दुसरंच काही वाचत असताना अर्धवट राहिलेली कामं मध्येमध्ये डोकं वर काढतात, पण ते काम कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत आखला की त्रास देणं थांबवतात. काम पूर्ण व्हावं लागत नाही! मला तरी या सगळ्या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच वाटते.

निळी छत्री:

पाऊलवाट, मी हे मागे केलंय. माझी अडचण वेगळीच झाली. दिवसभर ‘संध्याकाळी बघू, संध्याकाळी बघू’ करत ढकललं आणि संध्याकाळी वही उघडून बसले तर काळजी करावीशीच वाटेना. सकाळी जे भूत वाटलं होतं ते वाचताना हसू आलं. फुकट बसल्यासारखं वाटून सोडून दिलं.

पाऊलवाट:

अहो, मग ते लागू पडलं की! तेच तर व्हायला हवं होतं.

निळी छत्री:

हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

खडूस काका:

धागा छान चाललाय, पण मिठाचा खडा टाकतो. साहेबाने रात्री अर्धवट मेसेज टाकायचा आणि इकडे या बाईंनी वह्या भरायच्या, खुर्च्या मांडायच्या, हा उफराटा न्याय झाला. पहिला उपाय साहेबावर व्हायला हवा.

रॉबर्ट कारासेक याने १९७९ मध्ये साधी मांडणी केली होती: कामाचा बोजा जास्त आणि ते काम कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, अशा जागी माणूस सर्वाधिक पिचतो. नुसता बोजा एवढं नुकसान करत नाही. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ पासून ज्या पाहण्या झाल्या, त्यांतही खालच्या पायरीवरच्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. ‘मोठ्या खुर्चीला मोठा ताण’ या समजाला सुरुंग लागला तो तिथे.

मी जिथे होतो तिथे दोघांचं काम एकावर टाकलं आणि वर ‘ताण कसा हाताळावा’ यावर कार्यशाळा ठेवली. तीही सुट्टीच्या दिवशी. श्वास घ्या म्हणे. घेतच होतो.

त्यामुळे ‘सोडून द्यायला शिका’ म्हटलं की माझे कान टवकारतात. कोण कुणाला सांगतंय ते आधी बघावं.

शंकासुर:

काकांशी सहमत, पण अर्धाच. सगळ्याच काळज्यांना साहेब नसतो. विम्याच्या तारखेचा साहेब कोण?

आणि गुंता यांनी सुरुवातीलाच ‘मोठं काही घडलेलं नाही’ अशी माफीवजा प्रस्तावना केलीय, ती मला खटकली. १९६७ मध्ये होम्स आणि राहे यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०. सुट्टीवर जाण्यालाही १३ आहेत, हे वाचून मी बायकोला दाखवलं होतं. तर पुढे १९८१ मध्ये लाझारस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तपासलं, तेव्हा त्या मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या किरकिरींचाच मानसिक तक्रारींशी जास्त जवळचा संबंध दिसला. हरवलेल्या वस्तू, वाढतं वजन, घरातली न संपणारी कामं, असल्या किरकिरी. तेव्हा बारीकसारीक गोष्टींनी जीव मेटाकुटीला येत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मोठ्या दुःखात माणसं धावून तरी येतात. किरकिरीला कुणी येत नाही.

गुंता:

शंकासुर, धन्यवाद. (ध्यानाबद्दल माफ केलं.)

काकांचं वाचून एक धाडस केलं. साहेबांना आज सांगितलं की मेसेजमध्ये विषय लिहीत जा, नाहीतर माझी रात्र जाते. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, ‘अरे, मला तर सकाळी विसरायला होईल म्हणून टाकतो मी.’ म्हणजे त्यांच्या डोक्यातली टकळी थांबावी म्हणून ते माझ्याकडे टाकतात!

पण काका, खरं सांगू? एवढ्याने माझं भागणार नाही. साहेब सुधारले तरी डोकं दुसरा विषय शोधणार, त्याला रोजचा रतीब लागतो. मला आतून असंही वाटतं की मी काळजी करते म्हणून सगळं सुरळीत चाललंय. सोडली तर नेमकं त्याच दिवशी काहीतरी होईल. हे लिहिताना वेडगळ वाटतंय.

ओलावा:

वेडगळ अजिबात नाही. मी समुपदेशनाचं काम करते, ही समजूत जवळपास प्रत्येकाकडून ऐकते. ती कशी तयार होते बघा. तुम्ही काळजी केली, वाईट घडलं नाही, हायसं वाटलं. मेंदूने या दोन्हींची गाठ मारली: काळजी केली म्हणून टळलं. मुळात ते घडणारच नव्हतं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

हिशेब ठेवला तर काय होतं? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लाफ्रेनिअर आणि न्यूमन यांनी अतिचिंतेचा विकार असलेल्या २९ जणांना त्यांच्या काळज्या लिहून ठेवायला लावल्या आणि पुढे कुठल्या खऱ्या झाल्या ते तपासलं. सुमारे ९१ टक्के खऱ्या झाल्या नाहीत. गट छोटा आहे, हे लक्षात घेऊन वाचा. तरी ज्यांची वही चालू आहे त्यांनी महिन्याने जुनी पानं उलटून बघावीत, असं मी सुचवीन. माझ्याकडे येणाऱ्यांना मी समजावलेलं लवकर पटत नाही. स्वतःच्या अक्षरातलं पटतं.

दुसरं, जुने मेसेज उकरणं. निळी छत्री, तुम्हीही ऐका. खात्री करून घेतली की क्षणभर बरं वाटतं, आणि तो बरं वाटण्याचा क्षणच सवय लावतो. तुमचं भांडण साहेबांशी कमी आणि ‘माहीत नसण्याशी’ जास्त आहे. तेव्हा सराव माहीत नसण्याचाच करायचा, आणि फालतू गोष्टींपासून. पाठवलेला मेल पुन्हा उघडून वाचायचा नाही. दाराचं कुलूप एकदाच ओढून बघायचं, जिन्यावरून परत यायचं नाही. पहिल्यांदा जीव कासावीस होईल. कळ काढली तर ती लाट आपोआप ओसरते, आणि पुढच्या वेळी जरा बुटकी येते. भूकंपाची काळजी सोडायला शिकायच्या आधी मेलची सोडता यायला हवी.

आता जरा गंभीर. बहुतेक दिवस काळजीत जातायत, ती आवरत नाही, सहा महिने किंवा जास्त काळ असंच चाललंय आणि सोबत झोप उडणं, चिडचिड, अंग आखडणं, कामात लक्ष न लागणं असं असेल, तर वहीवर भागवू नका, डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यावर बोलून करायचे उपचार आहेत, औषधं आहेत आणि दोन्हींनी बरं वाटलेली माणसं मी रोज बघते. छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरतंय, असं असेल तर थायरॉइडही तपासून घ्या. ती ग्रंथी जास्त काम करू लागली की हुबेहूब घाबरल्यासारखंच वाटतं. जगणंच नको असं वाटत असेल तर धाग्यावर प्रतिसादाची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि दवाखाना गाठा.

सांजफेरी:

सगळं डोक्याचंच चाललंय, जरा अंगाकडेही बघा. मला काळजी आधी जबड्यात कळते. दात आवळलेले असतात आणि मला पत्ताच नसतो. आत्ता वाचतावाचता तपासा: खांदे कानांजवळ आले असतील, जीभ टाळ्याला चिकटलेली असेल.

एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर पद्धत बसवली. एकेक स्नायू मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा. नुसतं ‘सैल सोड’ म्हटलं तर अंगाला कळत नाही. आधी मूठ घट्ट वळा, पाच-सात सेकंद धरा, मग एकदम सोडा. तो जो फरक जाणवतो तो शिकायचा. मूठ, दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, पाय. गुंतांनी हातांनी काय करायचं विचारलं होतं, तर हे अक्षरशः हातांनी.

श्वासाचं म्हणाल तर, काका, ‘श्वास घ्या’ हे सांगणंच उलटं आहे. घेण्यापेक्षा सोडण्यात मजा आहे. श्वास आत जाताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर जाताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास लांबवायचा. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी रोज पाच मिनिटांचे वेगवेगळे प्रकार महिनाभर करून घेतले, त्यात नाकाने दोनदा भरून घेऊन तोंडाने सावकाश सोडण्याच्या प्रकाराने मनःस्थितीत सर्वांत जास्त फरक पडला. म्हणजे उसासाच की तो! घरात उसासे टाकले की आजी ओरडायची.

अवांतर: दुपारनंतरची कॉफी. कॅफीनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. रात्रीची धडधड दर वेळी मनातूनच येते असं नाही.

खडूस काका:

उसाश्याला माझी हरकत नाही. कार्यशाळेत उसासेच टाकत होतो.

रात्रपाळी:

इथे वाचते, लिहीत नाही सहसा. पण पाऊलवाट यांनी बेत आखण्याबद्दल लिहिलं त्यावरून लिहावंसं वाटलं.

मी परिचारिका होते, आता निवृत्त आहे. पाळी संपताना पुढच्या सिस्टरला ‘ओव्हर’ द्यायचा असतो. नुसतं ‘सगळं ठीक’ म्हणून निघता येत नाही. एकेका खाटेपाशी उभं राहून सांगायचं: यांचं सलाइन इतक्या वाजता संपेल, यांना ताप होता, औषध दिलंय, दोन तासांनी पुन्हा बघायचा, यांच्या रिपोर्टची वाट बघतोय, आला की डॉक्टरांना कळवायचं. समोरची लिहून घेते, परत वाचून दाखवते, सही होते. त्यानंतर मी दाराबाहेर पडले की त्या वॉर्डातलं काही माझ्या डोक्यात येत नसे. येऊच शकत नसे, कारण ते आता कुणाच्या तरी ताब्यात होतं. माणसं तितकीच आजारी होती, मी काही निष्काळजी झाले नव्हते.

आणि घरी? घरी कुणी ओव्हर घ्यायलाच नव्हतं. मुलीची परीक्षा, सासऱ्यांची गोळी, संपत आलेला सिलिंडर, सगळं चोवीस तास माझ्याच पाळीत. वॉर्डात ज्याला अर्धा तास पुरायचा ते घरी रात्रभर चालायचं.

मग मी उद्याच्या मलाच ओव्हर द्यायला लागले. रात्रीची आवराआवर झाली की उभ्याउभ्याच लिहायचं, त्याच पद्धतीने. कुणाचं, काय झालंय, पुढे काय करायचं, किती वाजता. ‘सासरे: गोळ्या परवापर्यंत पुरतील. उद्या अकराला आणणे.’ पुढे ‘बघू’ असा शब्द लिहायचा नाही, हा माझा नियम. ‘बघू’ लिहिलं की ते माझ्याचकडे राहतं.

लेकीच्या बाबतीत मात्र हे चाललं नाही, हेही सांगते. ती बाहेरगावी शिकायला गेली तेव्हा पोचल्याचा फोन येईपर्यंत मी पाणी पीत नसे. शेवटी तीच वैतागली. आमचं ठरलं की अडचण आली तरच फोन, नाहीतर फोन नाही. पहिले कितीतरी दिवस मी फोन उशाशी घेऊन, वाजू नये म्हणून आणि वाजावा म्हणूनही, जागी राहिले. ते सुटलं असं म्हणणार नाही. कमी झालं.

ओलावा:

रात्रपाळी ताई, ‘बघू’ लिहायचं नाही हा नियम मी उचलतेय. तुम्ही जे अनुभवातून केलंत त्याच्या जवळ जाणारा एक प्रयोग आहे. २०१८ मध्ये ५७ तरुण-तरुणींना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला दिलं. निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी पुढची. पुढची कामं लिहिणारे सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर.

निळी छत्री:

पण मग पाऊलवाट म्हणतात झोपेच्या तोंडावर वही नको, आणि ताई म्हणतात आवराआवर झाल्यावर लिहा. नक्की काय?

पाऊलवाट:

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. काळजी संध्याकाळी करायची, तिला रडायला-ओरडायला अर्धा तास द्यायचा. रात्री फक्त कामं लिहायची, पाच मिनिटांत, भावना न घालता. माझी गल्लत व्हायची तेव्हा मी दोन वह्या केल्या.

खडूस काका:

दोन वह्या! आणि त्या हरवल्या तर त्याची काळजी कुठल्या वहीत?

पाऊलवाट:

पहिलीत, काका. प्रश्नार्थक वाक्यात.

गुंता:

आज करून बघतेय. पॉलिसीचा कागद काढला, तारखेला अजून अवकाश आहे, पण पत्ता जुना निघाला. सोमवारी बदलायचा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, असं लिहिलंय. भावालाही सरळ विचारलं. तो म्हणाला, थकलोय, कारण तू रोज फोन करून थकलायस का विचारतेस.

एक शंका राहिली. रात्रीची यादी मोबाइलमध्ये केली तर चालेल का? वही दुसऱ्या खोलीत असते.

रात्रपाळी:

नको गं. यादी लिहायला मोबाइल उघडशील आणि साहेबांचा मेसेज दिसेल. वही उचलून या खोलीत आण.